तोच न्यायाधीश, तोच साक्षीदार, फक्त एक वकील जास्त : गिडियन प्रकरणाचा अभ्यास

४ ऑगस्ट १९६१. फ्लोरिडा राज्याच्या वायव्य टोकाला, मेक्सिकोच्या आखातालगत वसलेल्या पनामा सिटीतलं सर्किट कोर्ट. खटला पुकारला गेला. सरकारी वकील म्हणाले, आमची तयारी आहे. आरोपी म्हणाला, माझी तयारी नाही. का नाही, असं न्यायाधीश रॉबर्ट मॅक्रेरी यांनी विचारलं. उत्तर आलं, "मला वकील नाही."

न्यायाधीश उद्धट नव्हते. त्यांनी नीट समजावून सांगितलं की मिस्टर गिडियन, मला वाईट वाटतं, पण या खटल्यात मी तुम्हाला वकील देऊ शकत नाही. देहान्ताची शिक्षा होऊ शकेल असा गुन्हा असेल तरच फ्लोरिडाच्या कायद्यानुसार कोर्टाला वकील नेमता येतो. त्यावर आरोपीनं दिलेलं उत्तर नोंदीत जसंच्या तसं उतरलं आहे: "अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणतं की मला वकील मिळण्याचा हक्क आहे."

हे त्याचं म्हणणं चुकीचं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तोवर असं काही म्हटलेलं नव्हतं. उलट १९४२ साली नेमकं याच्या विरुद्ध सांगून ठेवलं होतं. चूक न्यायाधीशांची नव्हती, आरोपीची होती. आणि पुढची दोन वर्षं पुरी व्हायच्या आत त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी आरोपीचं ते वाक्य खरं केलं.

गिडियन विरुद्ध वेनराइट (वेनराइट म्हणजे फ्लोरिडाच्या तुरुंग खात्याचे प्रमुख) हा १९६३ चा निकाल अमेरिकी राज्यघटनेच्या अभ्यासात सगळीकडे शिकवला जातो. शिकवताना भर असतो तो वॉशिंग्टनमधल्या निकालपत्रावर. मला मात्र वाटतं की या प्रकरणाचं मर्म पनामा सिटीत आहे. तिथे एकाच आरोपावरून, एकाच माणसावर, एकाच न्यायाधीशापुढे दोनदा खटला चालला. पहिल्यांदा वकील नव्हता, दुसऱ्यांदा होता. प्रयोगशाळेतही इतकी स्वच्छ तुलना सहसा हाती लागत नाही.

माणूस आणि आरोप

क्लॅरेन्स अर्ल गिडियन १९१० साली मिसुरी राज्यातल्या हॅनिबल गावी जन्मला. शाळा आठवीपर्यंत. पोरवयातच घरातून पळाला, पुढे चोरीमारीच्या गुन्ह्यांत चार वेळा शिक्षा भोगली. पन्नाशीत तो पनामा सिटीत पत्त्यांचे डाव लावत, मिळेल ते काम करत दिवस काढत होता. त्याला संत म्हणून रंगवण्याची गरज नाही. हक्क कुणाचा, हा प्रश्न बहुतेक वेळा अशाच माणसांमुळे कोर्टापुढे येतो.

३ जून १९६१ च्या पहाटे बे हार्बर पूलरूम नावाच्या अड्ड्यावर घरफोडी झाली. खिडकी फुटलेली, सिगारेटचं यंत्र आणि ज्यूकबॉक्स फोडून आतली चिल्लर काढलेली, काही बिअर, कोका-कोला आणि वाइन गायब. एका तरुणानं पोलिसांना सांगितलं की पहाटे साडेपाचच्या सुमाराला मी खिडकीतून आत गिडियनला पाहिलं. तो बाहेर आला, कोपऱ्यावरच्या टेलिफोनवरून त्यानं टॅक्सी मागवली आणि निघून गेला. गिडियन सापडला तेव्हा त्याच्या खिशात बरीच चिल्लर होती. एवढा पुरावा.

किरकोळ चोरी हा तिथे किरकोळच गुन्हा होता. पण किरकोळ चोरीच्या इराद्यानं बंद जागेत घुसणं हा फ्लोरिडात गंभीर गुन्हा धरला जाई आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. यंत्रातल्या नाण्यांपायी पाच वर्षं, असा तो हिशेब.

पहिला खटला

वकील नाकारल्यावर गिडियननं स्वतःच खटला चालवला. सहा जणांच्या ज्युरीपुढे प्रास्ताविक केलं, सरकारी साक्षीदारांची उलटतपासणी घेतली, आपले साक्षीदार उभे केले, शेवटी थोडं बोललाही. स्वतः मात्र साक्ष दिली नाही. सामान्य माणसाकडून जेवढी अपेक्षा ठेवावी तेवढं त्यानं केलं, असं पुढे सर्वोच्च न्यायालयानंच निकालपत्रात लिहिलं आहे.

पण 'जेवढी अपेक्षा ठेवावी तेवढं' म्हणजे किती, ते पाहण्यासारखं आहे. मुख्य साक्षीदारानं सांगितलं होतं की गिडियनच्या हातात वाइनची छोटी बाटली होती. गिडियन त्याला विचारतो: माझ्याकडे वाइनची बाटली होती हे तुला खात्रीनं माहीत आहे का? साक्षीदार म्हणतो, हो. गिडियन विचारतो, कशावरून? साक्षीदार म्हणतो, "तुमच्या हातात पाहिली म्हणून."

कोर्टात चार वर्षं काढलेला कुठलाही वकील हे वाचून कपाळावर हात मारेल. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही, हा धडा कनिष्ठ वकिलाला पहिल्या महिन्यात मिळतो. गिडियननं विरोधी साक्षीदाराला तीच गोष्ट ज्युरीसमोर पुन्हा, अधिक ठामपणे सांगायची संधी दिली. आणखी एक धागा सुटला. आधी कुठल्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला आहेस का, असा प्रश्न साक्षीदाराला विचारला गेला. तो नाही म्हणाला आणि विषय तिथेच संपला. हे उत्तर तपासायला कुठे जायचं, कुठला कागद काढायचा, हे कोठडीत बसलेल्या माणसाला कसं कळणार?

ज्युरीनं दोषी ठरवलं. २५ ऑगस्टला शिक्षा सुनावली गेली: पाच वर्षं, म्हणजे कायद्यात होती तेवढी सगळी.

पेन्सिलीनं लिहिलेली याचिका

फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याचा बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे आपली कैद बेकायदा आहे असा, अर्ज फेटाळला. मग रेफोर्डच्या तुरुंगातून गिडियननं वॉशिंग्टनला याचिका पाठवली. ८ जानेवारी १९६२ ला ती सर्वोच्च न्यायालयात पोहोचली.

ही पानं आजही पाहायला मिळतात. रेघांचा कागद, पेन्सिल, शाळकरी वळणाचं ठळक अक्षर, जागोजागी शुद्धलेखनाच्या चुका. तुरुंगानं दिलेल्या कागदावर वरच पत्रव्यवहाराचे नियम छापलेले: आठवड्याला दोनच पत्रं, रेघांचा कागद असेल तर दोन ओळींच्या मधे लिहायचं नाही. त्या नियमांखाली हा माणूस राज्यघटनेचा अर्थ लावत होता. बाकीचा मजकूर त्यानं कायद्याच्या पुस्तकांतली भाषा उचलून लिहिला आहे, पण मागणी अगदी सरळ आहे. माझ्याकडे पैसे नव्हते, मी वकील मागितला, दिला नाही, म्हणून खटला न्याय्य झाला नाही.

याचिका फुकट दाखल झाली, कारण निर्धन अर्जदाराला फी आणि छपाई माफ असते. असे अर्ज तिथे ढिगानं येतात आणि बहुतेक ढिगातच राहतात. हा राहिला नाही. ४ जून १९६२ ला न्यायालयानं तो सुनावणीला घेतला आणि आदेशात दोन्ही बाजूंना एक प्रश्न घालून दिला: बेट्स विरुद्ध ब्रेडी या निकालाचा फेरविचार व्हावा का?

बेट्स काय होतं

इथे थोडं मागं जावं लागतं. अमेरिकेच्या सहाव्या घटनादुरुस्तीत, म्हणजे १७९१ पासून, फौजदारी खटल्यातल्या आरोपीला बचावासाठी वकिलाचं साहाय्य मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. पण पहिल्या दहा घटनादुरुस्त्यांची मिळून झालेली ही हक्कांची सनद मुळात फक्त केंद्र सरकारला बांधत होती. आणि अमेरिकेत खून, चोरी, मारामारी हे सगळे खटले चालतात राज्यांच्या कायद्याखाली, राज्यांच्या कोर्टात. आपल्याकडे एकच फौजदारी संहिता देशभर चालते, त्यामुळे ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही.

यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी घटनादुरुस्ती आली. योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुठल्याही राज्यानं कुणाचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावू नये, असं ती सांगते. मग 'योग्य प्रक्रिया' या शब्दांत हक्कांच्या सनदेतलं काय काय येतं, हा वाद विसाव्या शतकभर चालला. एकेक हक्क घेऊन न्यायालय ठरवत गेलं की हा राज्यांनाही लागू आहे.

१९३२ मध्ये स्कॉट्सबरो प्रकरण आलं. अलाबामात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा आरोप, काही दिवसांत खटले उरकलेले, आठ जणांना देहान्ताची शिक्षा, आणि वकील नावापुरता. पॉवेल विरुद्ध अलाबामा या निकालात न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की शिकल्यासवरल्या माणसालाही कायद्याच्या शास्त्रात फारशी गती नसते. प्रत्येक पावलावर त्याला वकिलाचा हात धरावा लागतो, नाहीतर निर्दोष असूनही, निर्दोषपणा सिद्ध कसा करायचा हे ठाऊक नसल्यामुळे, तो दोषी ठरण्याचा धोका असतो. या प्रकरणातलं माझ्या मते सगळ्यात मोलाचं वाक्य हेच, गिडियनच्या एकतीस वर्षं आधीचं. पण निकाल देहान्ताच्या खटल्यांपुरता राहिला. १९३८ मध्ये जॉन्सन विरुद्ध झर्बस्ट या निकालानं केंद्राच्या कोर्टातल्या सगळ्या फौजदारी खटल्यांत वकील सक्तीचा झाला.

मग १९४२ मध्ये बेट्स. मेरीलँडमधला बेकार शेतमजूर, दरोड्याचा आरोप, वकील मागितला, मिळाला नाही. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयानं सांगितलं की राज्यांनी दर खटल्यात वकील दिलाच पाहिजे असं नाही. आरोपी निरक्षर असेल, मतिमंद असेल, खटला फार गुंतागुंतीचा असेल, अशा 'विशेष परिस्थितीत' मात्र दिला पाहिजे. विरोधी मत लिहिणारे होते न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक. त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

त्यानंतर वीस वर्षं हा विशेष परिस्थितीचा खेळ चालला. प्रत्येक कैद्यानं आपण किती अडाणी, किती असहाय, हे दाखवायचं आणि कोर्टानं ते मोजायचं. १९५० नंतर तर सर्वोच्च न्यायालयानं असा एकही दावा फेटाळला नव्हता. प्रत्येक खटल्यात काहीतरी विशेष सापडतच होतं. नियम कागदावर एक आणि व्यवहारात दुसरा.

वॉशिंग्टन

गिडियनच्या वतीनं बाजू मांडायला न्यायालयानं एब फोर्टस यांना नेमलं. राजधानीतल्या बड्या वकिलांपैकी एक, पुढे स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले. पनामा सिटीत ज्याला गावातला साधा वकील मिळाला नाही त्याला देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टात हा मिळाला, तोही विनामोबदला.

फोर्टस यांची चाल अभ्यासण्यासारखी आहे. मूळ खटल्याची नोंद मागवून त्यांनी पाहिलं की न्यायाधीश मॅक्रेरी गिडियनशी बरे वागले होते, जमेल तशी मदतही केली होती. आरोपी बुद्धीनं कमी नव्हता. बेट्सच्या चौकटीत ही कमजोर बाजू ठरली असती. फोर्टस यांनी तिलाच मुख्य मुद्दा केलं. माणूस हुशार आहे, न्यायाधीश भला आहे, खटला साधा आहे, आणि तरीही खटला न्याय्य होऊ शकला नाही. म्हणजे दोष परिस्थितीत नाही, नियमातच आहे. १५ जानेवारी १९६३ च्या सुनावणीत त्यांनी क्लॅरेन्स डॅरो या गाजलेल्या फौजदारी वकिलाचं उदाहरण दिलं. डॅरोवर स्वतःवर ज्युरी फितवल्याचा खटला झाला, तेव्हा त्यानं सगळ्यात आधी काय केलं? वकील गाठला.

समोर फ्लोरिडाची बाजू मांडणारे ब्रूस जेकब हे विशीतले तरुण होते. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. फौजदारी न्याय हा राज्यांचा प्रांत आहे, प्रत्येक राज्याला आपली पद्धत ठरवू द्या. आणि बेट्स उलटवलात तर फ्लोरिडातले हजारो कैदी सुटकेसाठी रांग लावतील, कारण निम्म्याहून अधिकांना वकील नव्हताच. आपल्याला पाठिंबा मिळावा म्हणून त्यांनी इतर राज्यांच्या महाधिवक्त्यांना पत्रं लिहिली. घडलं उलटंच. बावीस राज्यांनी गिडियनच्या बाजूनं निवेदन दिलं, त्यात पुढाकार मिनेसोटाचे वॉल्टर मॉन्डेल यांचा. फ्लोरिडाच्या बाजूनं उभी राहिली फक्त अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिना. राज्यांच्या स्वायत्ततेचा मुद्दा राज्यांनीच सोडून दिला. (जेकब पुढे कायद्याचे प्राध्यापक झाले आणि कैद्यांना मोफत कायदेशीर मदत देण्याचं काम त्यांनी उभं केलं. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.)

१८ मार्च १९६३ ला निकाल आला, एकमतानं. लिहिला होता ह्यूगो ब्लॅक यांनी. एकवीस वर्षांपूर्वी अल्पमतात लिहिलेलं त्यांचं मत आता कायदा झालं. त्यांनी लिहिलं की दोन पक्ष समोरासमोर उभे ठाकतात अशा न्यायपद्धतीत, ज्याला वकील परवडत नाही त्याला वकील दिल्याशिवाय न्याय्य खटल्याची खात्री देता येत नाही, आणि हे सत्य उघड आहे. सरकार आरोपीला दोषी ठरवण्यासाठी वकिलांवर पैसा ओततं, ज्याच्याकडे पैसा आहे असा आरोपी सहसा वकिलाशिवाय राहत नाही. यावरूनच दिसतं की फौजदारी कोर्टात वकील ही चैन नाही, गरज आहे. न्यायमूर्ती क्लार्क यांनी वेगळ्या मतात मॅक्रेरी यांच्या कोर्टातल्या नियमाच्या मुळावरच घाव घातला: जीव घेणं आणि स्वातंत्र्य घेणं यांत घटना फरक करत नाही, मग वकील देण्यात तो कुठून आला? न्यायमूर्ती हार्लन यांना निष्कर्ष मान्य होता, पण बेट्सला जरा अधिक सन्मानानं मूठमाती द्यायला हवी होती, असं त्यांनी नोंदवलं. पूर्वनिर्णय मोडतानाही तो कसा मोडावा याची ही काळजी मला फार आवडते.

न्यायालयानं गिडियनला निर्दोष ठरवलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. चोरी त्यानं केली की नाही हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. शिक्षा रद्द केली आणि प्रकरण परत पाठवलं.

पनामा सिटीला शेवटी जाऊ. आधी बाकीचं उरकतो.

निकालाची वाट पुढे कुठे गेली

फ्लोरिडानं त्याच वर्षी कायदा करून राज्यभर सरकारी बचाव वकिलांची व्यवस्था उभी केली. शेकडो कैदी सुटले, कारण त्यांच्यावर नव्यानं खटला उभा राहील एवढा पुरावाच नव्हता. १९६६ च्या मिरांडा निकालानं वकिलाचा हक्क पोलीस चौकशीच्या खोलीपर्यंत नेला, १९६७ च्या गॉल्ट निकालानं बालन्यायालयापर्यंत. तो लिहिला फोर्टस यांनीच. १९७२ च्या आर्गरसिंगर निकालानं ठरवलं की एक दिवस जरी तुरुंगात धाडायचं असेल तरी वकील हवा.

आणि जिथे वाट अडली तेही सांगतो. १९८४ च्या स्ट्रिकलँड विरुद्ध वॉशिंग्टन या निकालात प्रश्न होता तो वाईट वकिलाचा. वकील दिला, पण त्यानं काम नीट केलं नाही तर काय? न्यायालयानं दोन अटी घातल्या: वकिलाचं काम वाजवी दर्जाच्या खाली होतं हे दाखवा, आणि ते नीट झालं असतं तर निकाल बदलण्याची वाजवी शक्यता होती हेही दाखवा. दुसरी अट फार जड आहे. वकिलानं न शोधलेला साक्षीदार काय म्हणाला असता हे तुरुंगातून कसं सिद्ध करायचं? अमेरिकेतले सरकारी बचाव वकील आज खटल्यांच्या ओझ्याखाली दबलेले आहेत, आणि या अटीमुळे त्या ओझ्याचा भुर्दंड आरोपीच्याच माथी बसतो. मला हा निकाल गिडियनच्या आत्म्याशी विसंगत वाटतो.

दुसरी मर्यादा तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. हा हक्क फौजदारी खटल्यापुरता आहे. देशातून हद्दपार करण्याची कारवाई तिथे दिवाणी धरली जाते. न्यू जर्सीत वा टेक्सासमध्ये नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या कुणावर ती ओढवली तर वकील लावण्याची मुभा आहे, पण सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क नाही. गिडियनचं नाव तिथे कामी येत नाही.

आपल्याकडे

भारतीय राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क पहिल्यापासून होता, पण निर्धनाला वकील द्यावा असं त्यात नव्हतं. मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९-अ आलं ते ४२ व्या घटनादुरुस्तीनं, १९७६ मध्ये, तेही मार्गदर्शक तत्त्वांत, जी कोर्टातून बजावून घेता येत नाहीत. तो हक्क जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलम २१ मध्ये आणला तो महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणानं: हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८. विद्यापीठाच्या बनावट पदव्यांच्या प्रयत्नाचं प्रकरण. एका ब्लॉकमेकरकडे, म्हणजे ठसे बनवणाऱ्याकडे, कर्नाटक विद्यापीठाच्या नावाचा शिक्का बनवायला टाकला, तिथून ते उघडकीला आलं. सत्र न्यायालयानं नाममात्र शिक्षा दिली, उच्च न्यायालयानं ती वाढवून तीन वर्षं केली. आरोपी सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तोवर बरीच वर्षं लोटली होती आणि शिक्षा भोगून झाली होती. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत वेळेवर हाती आली नाही, ही त्याची तक्रार.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलं की तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेवर मिळाली पाहिजे, आणि वकील परवडत नसेल तर तो राज्यानं दिला पाहिजे. त्याशिवाय प्रक्रिया न्याय्य होत नाही. निकालात अमेरिकी निकालांचे दाखले आहेत. गंमत अशी की, नव्हे, दुःख असं की याचिका स्वतः मात्र फेटाळली गेली.

१९८६ च्या सुक दास निकालात आपलं सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं: आरोपीनं वकील मागितला नाही म्हणून तो न देता खटला चालवला, तर तो खटलाच रद्द. ज्याला हक्क आहे हेच ठाऊक नाही तो मागणार काय? गिडियननं निदान मागितला तरी होता. २०१२ मध्ये कसाबच्या अपिलात, मुंबई हल्ल्यातल्या आरोपीची फाशी कायम करतानाच, न्यायालयानं दंडाधिकाऱ्यांना बजावलं की आरोपीला पहिल्यांदा समोर आणल्यावर वकिलाचा हक्क त्याला सांगणं आणि गरज असेल तर वकील देणं हे तुमचं कर्तव्य आहे. ज्या माणसाविषयी सगळ्या महाराष्ट्राच्या मनात संताप होता, त्याच्या प्रकरणात हे लिहिलं गेलं. मला त्याचा अभिमान वाटतो.

दुसरा खटला

५ ऑगस्ट १९६३. पनामा सिटी, न्यायाधीश मॅक्रेरीच. गिडियन अजूनही हट्टी होता. मायामीहून आलेले नागरी हक्क संघटनेचे वकील त्यानं नाकारले आणि न्यायाधीशांनी विचारल्यावर गावातल्याच फ्रेड टर्नर यांचं नाव घेतलं. टर्नर स्थानिक माणूस. गाव, पूलरूम, ज्युरीत बसणारे लोक सगळे त्यांच्या ओळखीचे. खटल्याआधी काही दिवस ते गावात हिंडले, लोकांना भेटले, घटनास्थळ पाहून आले. सरकारनंही या वेळी कमी केलं नाही. जास्त वकील उभे केले.

मुख्य साक्षीदार पुन्हा आला आणि पुन्हा तेच सांगू लागला. टर्नर यांनी त्याला हळूहळू सोलायला घेतलं. पहाटे साडेपाचला तिथे काय करत होतास? साठ मैलांवरच्या अॅपलॅचिकोला गावी नाच होता, मित्रांबरोबर मोटारीनं परत आलो, त्यांनी मला तिथे सोडलं. घर जवळ असताना पूलरूमपाशी का उतरलास? आत चोर दिसला तर पोलिसांना का नाही कळवलंस? खिडकीत तर जाहिरातीचे फलक होते, त्यांतून किती दिसलं? आणि मग तो जुना धागा: पूर्वी गाडी चोरल्याचा गुन्हा कबूल करून तू परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) आहेस, हे आधी का नाकारलंस? दोन वर्षांपूर्वी एका शब्दानं मिटलेला विषय आता ज्युरीपुढे उघडा पडला. शेजारच्या किराणा दुकानदारानं येऊन सांगितलं की तो माणूस गिडियनच होता याची त्या सकाळी या तरुणाला खात्री नव्हती.

मग टॅक्सीवाला. सरकारी पक्षाचं हे हुकमी पान होतं, कारण गिडियन त्याला म्हणाला होता की मला इथून नेलंस हे कुणाला सांगू नकोस. चोराशिवाय असं कोण बोलेल? टर्नर उठले. असं तो तुला आधीही कधी म्हणाला होता का? हो, म्हणाला होता. का म्हणायचा, काही माहीत आहे? बायकोशी त्याचं बिनसलेलं असायचं, म्हणून. आणि गाडीत बसला तेव्हा त्याच्याजवळ वाइन, बिअर, कोक असं काही होतं का? नाही.

या वेळी गिडियननं स्वतः साक्ष दिली. खिशातली चिल्लर जुगाराची, म्हणाला. जुगार खेळतो हे त्यानं लपवलं नाही.

समारोपात टर्नर यांनी ज्युरीला एकच चित्र दाखवलं. बिअर, वाइन, कोक गेलं कुठे? गिडियन तर टॅक्सीतून रिकाम्या हातानं गेला. माल गेला तो साक्षीदार ज्या मित्रांबरोबर आला त्यांच्या जुन्या शेव्हरोले गाडीतून. नाचाच्या गावी मध्यरात्रीच बिअर संपली होती. आणि साक्षीदार कोपऱ्यापर्यंत येरझाऱ्या का घालत होता? तो पहाऱ्यावर होता. हे सिद्ध झालं का? नाही, आणि व्हायची गरजही नव्हती. शंका पुरेशी होती.

चार वाजून वीस मिनिटांनी ज्युरी आत गेली आणि पाच वाजून पंचवीस मिनिटांनी बाहेर आली. निर्दोष. दोन वर्षांहून अधिक काळ कैदेत काढलेला क्लॅरेन्स गिडियन त्या संध्याकाळी मोकळा झाला, त्याच दालनातून, जिथे त्यानं पहिल्यांदा सांगितलं होतं की मला वकील नाही.